चॅप्टरचा कारभार विद्यार्थ्यांच्या हाती: फ्रॅटर्निटी नियमाने कशी चालवावी

अमेरिकेत शिकणारा मुलगा दुसऱ्या वर्षी फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुसंघटनेत, जातो आणि तिसऱ्या वर्षी खजिनदार किंवा शिस्त मंडळाचा प्रमुख म्हणून निवडून येतो. पन्नास-साठ समवयस्क मुलांचे पैसे, घर आणि वागणूक सांभाळायचं काम एका रात्रीत त्याच्या अंगावर पडतं. हाती एक फाईल येते, तीही बहुधा अर्धवट. १९९८ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुरू झालेल्या डेल्टा एप्सिलॉन सायसारख्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निट्यांत आणि जुन्या, मोठं घर असलेल्या फ्रॅटर्निट्यांतही ही अडचण सारखीच असते. ही माहिती अशा पदाधिकाऱ्यांसाठी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे अधिकार कोणाकडे किती आहे ते कागदावर मांडा. चॅप्टर म्हणजे फ्रॅटर्निटीची एका विद्यापीठातली शाखा. ती चालवायची परवानगी, म्हणजे चार्टर, राष्ट्रीय मुख्यालय देतं आणि तेच ती काढून घेऊ शकतं. विद्यापीठ मान्यता देतं. घर असेल तर ते बहुतेक वेळा माजी सदस्यांच्या हाउस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं आणि चॅप्टर तिथे भाडेकरू असतो. कॅम्पसवरच्या पुष्कळशा फ्रॅटर्निट्यांची मिळून इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिल असते. या चौघांनी जे तुमच्यावर सोडलं आहे, तेवढंच तुमचं स्वशासन. सदस्य कोण, वर्गणी किती, पदाधिकारी कोण, कार्यक्रम कोणते आणि किरकोळ गैरवर्तनाला शिक्षा काय, हे साधारणपणे त्यात येतं.

हा अधिकार जातो कसा, तेही पाहून ठेवा. २ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात नव्या मुलांना दारू पाजली गेली. १९ वर्षांचा टिमोथी पियाझा तळघराच्या जिन्यावरून पडला. घरात मुलं होती, त्याची अवस्था त्यांनी पाहिली होती, तरी ९११ या आपत्कालीन नंबरला फोन जायला जवळपास बारा तास लागले. ४ फेब्रुवारीला तो गेला. ते घर कागदोपत्री दारूमुक्त होतं. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठाने फ्रॅटर्निट्यांच्या गैरवर्तनाचा निवाडा विद्यार्थ्यांकडून काढून स्वतःकडे घेतला. नियम होते. ते मोडताना पाहून थांबवणारा आणि कळवणारा कोणी नव्हता.

पोटनियम आणि सभा

चॅप्टरच्या पोटनियमांची प्रत काढा आणि तिच्यावर शेवटची दुरुस्ती कधी झाली ते बघा. तारीख नसेल तर ती प्रत कोणती आहे यावरूनच उद्या भांडण होईल. प्रत्येक पानावर मंजुरीची तारीख हवी. राष्ट्रीय मुख्यालयाची घटना, विद्यापीठाचे नियम किंवा राज्याचा कायदा यांच्याशी पोटनियमाचा विरोध आला तर पोटनियम पडतो. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी हे तिन्ही कागद समोर ठेवा. एक मसुदा समिती नेमा, तीन जणांची पुरेल. बदल सभेच्या किमान एक आठवडा आधी सगळ्यांना लेखी पाठवा आणि दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करा. सभेत अचानक उभं राहून मांडलेला पोटनियम त्याच सभेत मंजूर करू नका, मग तो कितीही चांगला असो.

चॅप्टरच्या सभा बहुतेक ठिकाणी रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर या १८७६ पासूनच्या नियमावलीप्रमाणे चालतात. त्यातल्या चार गोष्टी रोज लागतात. ठराव मांडला की दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, त्याशिवाय चर्चा नाही. चर्चा थांबवून मतदान घ्यायला दोन-तृतीयांश मतं लागतात, कारण बोलायचा हक्क काढून घेतला जातो. समसमान मतं पडली की ठराव नामंजूर होतो. आणि गणपूर्ती नसेल तर निर्णय नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आपली मुलं हमखास चुकतात, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीत गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर, गणपूर्तीशिवाय, पुन्हा सुरू होते. लहानपणापासून तेच पाहिलेलं असतं. इथे तशी सोय नाही. पोटनियमात वेगळं लिहिलं नसेल तर गणपूर्ती म्हणजे अर्ध्याहून अधिक सदस्य. साठ जणांच्या चॅप्टरमध्ये एकतीस. सव्वीस जणांनी मंजूर केलेलं अंदाजपत्रक पुढे ज्याला वर्गणी द्यायची नाही तो एका वाक्यात उडवून लावतो. परीक्षेच्या आठवड्यात महत्त्वाचे ठराव ठेवू नका.

इतिवृत्तात भाषणं लिहायची नसतात. ठराव काय, मांडला कोणी, मतं किती, एवढं पुरे. चिटणीसाने ते दोन दिवसांत पाठवावं आणि पुढच्या सभेत मंजूर करून घ्यावं.

पैसे

चॅप्टर शिस्तीने जितके मोडतात तितकेच थकबाकीने मोडतात, फक्त त्याचा आवाज होत नाही. अंदाजपत्रक सदस्यसंख्येवर नाही, प्रत्यक्ष जमा होणाऱ्या रकमेवर बांधा. समजा पन्नास सदस्य आणि सत्राची वर्गणी ४०० डॉलर. कागदावर २०,००० डॉलर होतात. खर्चाची आखणी ८५ टक्क्यांवर, म्हणजे १७,००० वर करा. त्यातून आधी मुख्यालयाचं शुल्क आणि विमा बाजूला काढा, कारण ते चुकले तर बाकी कशालाच अर्थ नाही. मग १,७०० डॉलर राखीव ठेवा. उरलेल्यात भरती, अभ्यास, समाजकार्य, खेळ आणि कार्यक्रम बसवा. कार्यक्रमप्रमुख नेहमी आधी मागतो, म्हणून त्याचा नंबर शेवटी ठेवा.

खातं चॅप्टरच्या नावावर आणि चॅप्टरच्या करक्रमांकावर हवं. खजिनदाराच्या स्वतःच्या व्हेन्मो (फोनवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) खात्यावर वर्गणी गोळा करणं ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तो पदवी घेऊन गेला की हिशोब त्याच्या फोनबरोबर जातो, आणि त्याने एक डॉलरही खाल्ला नसला तरी ते सिद्ध करता येत नाही. ठरावीक रकमेपुढच्या खर्चाला, समजा २५० डॉलर, दोन सह्या ठेवा. बँकेचं मासिक विवरण खजिनदाराखेरीज आणखी एकाने पावत्यांशी ताडून पाहायचं.

थकबाकीचा नियम सत्राच्या आधी जाहीर करा. साधी रचना अशी: सत्राच्या सुरुवातीला एकरकमी किंवा चार हप्ते, ज्याचं त्याने लेखी निवडायचं. हप्ता तीस दिवस थकला की कार्यक्रमांना प्रवेश नाही, साठ दिवस थकला की शिस्त मंडळाकडे. खरोखर अडचणीत असलेल्या मुलासाठी खजिनदार आणि अध्यक्ष मिळून मुदत वाढवू शकतील अशी तरतूद ठेवा, आणि त्याचं नाव सभेत वाचून दाखवू नका. गणेश मंडळाच्या वर्गणीचा फळा चौकात लावायची सवय इथे आणू नये.

करविवरण हा विषय पदाधिकारी हमखास विसरतात. चॅप्टर बहुधा ५०१(सी)(७) या कलमाखाली करमुक्त असतो, पण करमुक्त म्हणजे विवरणमुक्त नव्हे. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर ९९०-एन हा छोटा ऑनलाइन अर्ज भरायचा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख ही मुदत. वर्ष ३० जूनला संपत असेल तर १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं तो भरला नाही तर करमुक्ती आपोआप जाते. पदाधिकारी दरवर्षी बदलत असल्यामुळे तीन वर्षं चुकणं अवघड नसतं, प्रत्येकाला वाटतं की आधीच्याने भरलं. तुमच्या वतीने मुख्यालय भरतं का, हे लेखी विचारून घ्या.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पदाच्या बदल्यात घरभाड्यात सूट किंवा मानधन मिळत असेल तर घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा. ते रोजगारात धरलं जाऊ शकतं.

शिस्त मंडळ

खरं स्वशासन इथे आहे. मंडळ पाच जणांचं आणि दोन राखीव ठेवा. ते निवडून यावं, अध्यक्षाने नेमू नये. अध्यक्ष स्वतः मंडळात नसावा, कारण अपील बहुधा त्याच्यापर्यंत किंवा त्याच्या कार्यकारिणीपर्यंत येतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा निदान एकेक जण हवा. पाचही जण शेवटच्या वर्षाचे असले की मंडळ म्हणजे ज्येष्ठांचा दरबार होतो आणि धाकटे तक्रारच करत नाहीत.

तक्रार आली की पहिला प्रश्न: हे आपल्याकडे चालवायचं आहे का? लैंगिक अत्याचार, हेझिंग (नव्या सदस्यांचा छळ, आपल्याकडच्या रॅगिंगसारखा), गंभीर इजा, शस्त्र आणि अमली पदार्थांची विक्री या गोष्टी चॅप्टरने चालवायच्या नाहीत. त्या त्याच दिवशी विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाला आणि मुख्यालयाला कळवायच्या. पीडित व्यक्तीने पोलिसांत जावं की नाही हा तिचा निर्णय, त्यात चॅप्टरने सल्ला देऊ नये. ‘आधी आपण आपसात विचारून बघू’ म्हणून चार मुलांना बोलावलं की साक्षी एकमेकांत मिसळतात, मेसेज पुसले जातात आणि तक्रार करणाऱ्यावर दबाव येतो. हेतू चांगला असला तरी परिणाम पुरावा नष्ट करण्यासारखाच होतो.

मंडळाने चालवायचं ते हे: थकबाकी, सभांना गैरहजेरी, मालमत्तेची मोडतोड, भांडणं, पाहुण्यांशी असभ्य वागणं, कार्यक्रमाच्या नियमांचा किरकोळ भंग. त्याची पद्धत:

१. तक्रार लेखी घ्या. कधी, कुठे, काय घडलं आणि कोणी पाहिलं, एवढंच. निनावी तक्रारीवरून चौकशी करता येते, शिक्षा देता येत नाही.

२. ज्याच्यावर आरोप आहे त्याला सुनावणीच्या किमान पाच दिवस आधी लेखी सूचना द्या. कोणता नियम मोडल्याचा आरोप, त्याचा क्रमांक, पुरावा काय, वेळ आणि जागा. ‘तुला माहीतच आहे कशाबद्दल’ ही सूचना नव्हे.

३. मंडळातल्या कोणाचा त्याच्याशी जवळचा संबंध असेल तर तो उठतो आणि राखीव सदस्य बसतो. खोलीतला जोडीदार आणि ‘बिग ब्रदर’ (नव्या सदस्याला जोडून दिलेला ज्येष्ठ) हे जवळचे संबंध आहेतच. हे त्याने स्वतः सांगावं असं नाही, सुनावणीच्या सुरुवातीला प्रमुखाने प्रत्येकाला विचारावं.

४. साक्षीदार एकेक करून आत. प्रश्न मंडळाने विचारायचे, दोन्ही बाजूंनी एकमेकांना नाही. शेवटचा शब्द आरोप असलेल्याचा. पाऊण तास पुरतो.

५. सगळ्यांना बाहेर पाठवून गुप्त मतदान घ्या. आधी घडलं की नाही यावर, मग शिक्षेवर. दोन्ही एकत्र घेतलं की शिक्षा जड वाटते म्हणून मुलं ‘घडलंच नाही’ असं मत देतात. कसोटी एवढीच: घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का? न्यायालयातला ‘संशयातीत’ पुरावा इथे लागत नाही.

६. अठ्ठेचाळीस तासांत लेखी निर्णय द्या, त्यात कारण, शिक्षा, ती पूर्ण करायची तारीख आणि अपिलाची मुदत. अपील तीन कारणांवरच घ्या: पद्धत चुकली, नवा पुरावा मिळाला, किंवा शिक्षा चुकीच्या मानाने फार जड आहे. ते ऐकणारे मंडळातले नसावेत.

शिक्षा चुकीशी जोडलेली हवी. दरवाजा मोडला तर दुरुस्तीचा खर्च. पिऊन गोंधळ घातला तर आठ आठवडे कार्यक्रमबंदी आणि विद्यापीठाचा दारूविषयक वर्ग. नुसता दंड शक्यतो नको. सधन मुलासाठी तो गैरवर्तनाचा दर ठरतो आणि गरीब मुलासाठी नवी थकबाकी. बैठका काढायला लावणं, रात्री दोनला घर साफ करायला लावणं, सगळ्यांसमोर माफी म्हणवून घेणं हे तर मुळीच नको. अशी शिक्षा म्हणजे स्वतःच हेझिंग आहे, आणि शिस्त मंडळानेच ती दिली तर चॅप्टरला बचाव उरत नाही. सदस्यत्व काढून घ्यायचं असेल तर मुख्यालयाची घटना उघडा. त्यासाठी लागणारं बहुमत आणि पायऱ्या तिथे ठरलेल्या असतात आणि मंडळ एकट्याने ते करू शकत नाही.

सत्र संपायला तीन आठवडे उरले असताना आलेली तक्रार ‘सुट्टीनंतर बघू’ म्हणून ठेवली जाते. सुट्टीनंतर साक्षीदार परदेशी सत्राला गेलेला असतो. दहा दिवसांत सुनावणी, हा आकडा पोटनियमातच घाला.

दारू असलेला कार्यक्रम

१९०९ पासून चालत आलेल्या नॉर्थ अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सने सदस्य फ्रॅटर्निट्यांसाठी किमान नियम घालून दिले आहेत. १५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेली दारू चॅप्टरच्या घरात किंवा कार्यक्रमात चालत नाही, परवानाधारक विक्रेता ती देत असेल तरच अपवाद. हा नियम १ सप्टेंबर २०१९ पर्यंत लागू करायचा होता. चॅप्टरच्या पैशाने दारू विकत घ्यायची नाही. केग (बिअरचं पिंप) किंवा पंचचा (मिश्र दारूचा) टब नाही. पाहुणे यादीतलेच, एका सदस्यामागे जास्तीत जास्त तीन, आणि एकूण गर्दी अग्निशमन नियमाने ठरलेल्या मर्यादेत. साठ सदस्य म्हणजे १८० पाहुणे हे गणित बरोबर आहे, पण भिंतीवरच्या पाटीत १५० लिहिलं असेल तर सदस्य धरून १५०.

आपापली दारू आणायची पद्धत असेल तर एकवीस वर्षांवरच्या माणशी १२ औंसाचे, म्हणजे ३५५ मिलीलीटरचे बिअरचे सहा डबे ही रूढ मर्यादा आहे. दारात ओळखपत्र तपासून दोन वेगळ्या रंगांचे मनगटी पट्टे बांधा. डबे एकाच टेबलावर जमा करून नावाच्या चिठ्ठीवर एकेक द्यायचे. हे टेबल उठलं की नियम उठला, कारण मग डबे खोल्यांत जातात.

न पिणारे देखरेख करणारे नेमा. दहा-बारा जणांमागे एक ठेवला तर काम होतं, आणि त्यांत एक तरी पदाधिकारी हवा. नव्या सदस्यांना या कामाला बसवू नका. ज्येष्ठाला ‘बस झालं’ म्हणायची त्यांची हिंमत होत नाही. दारात एक, टेबलापाशी दोन, जिन्यापाशी एक, बाकी फिरते. जिना रिकामा ठेवू नका. गर्दीच्या घरात माणूस पडतो तो बहुधा तिथेच.

आणि ९११. कोणी हलवून जागा होत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेतो, दोन श्वासांत दहा सेकंद किंवा जास्त जातात, ओठ निळे पडतात, किंवा बेशुद्धीत उलटी होते, यातलं एकही दिसलं की लगेच फोन. अध्यक्षाला विचारायचं नाही, सभा घ्यायची नाही. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नका. पिणं थांबल्यावरही पोटातली दारू रक्तात मिसळत राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था बिघडत जाऊ शकते. पुष्कळ राज्यांत आणि विद्यापीठांत मदत मागणाऱ्याला दारूच्या कारवाईतून सवलत देणारे नियम आहेत. तुमच्या राज्यातला नियम छापून देखरेख करणाऱ्यांच्या हातात द्या, कारण रात्री दोन वाजता शिक्षेची भीतीच फोन अडवते.

नवे सदस्य

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेझिंगविरोधी संघराज्य कायदा झाला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. नव्या मुलाची तयारी होती, तो ‘हो’ म्हणाला होता, याने हेझिंग माफ होत नाही. आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं विद्यापीठांना जाहीर करावी लागतात. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे, पण रॅगिंगमध्ये मुलगा वसतिगृहात नाइलाजाने सापडतो. इथे तो स्वतःहून आत येतो, म्हणूनच ‘त्याला हवंच होतं’ हा बचाव इतका सोपा वाटतो.

उपाय कागदाचा आहे. नव्यांना सामावून घ्यायच्या सहा ते आठ आठवड्यांच्या कार्यक्रमाचं पूर्ण वेळापत्रक पहिल्याच दिवशी नव्या सदस्यांना, चॅप्टरच्या सल्लागाराला आणि विद्यापीठाला द्या. त्यात वेळ, जागा आणि जबाबदार माणसाचं नाव असावं. वेळापत्रकात नसलेली गोष्ट होणार नाही, आणि रात्री दहानंतर काहीच नाही. कोणत्याही पायरीला दारू नाही. ‘बिग-लिटल’ची, म्हणजे ज्येष्ठ आणि नव्या सदस्याची जोडी जाहीर करायची, रात्र त्यांत सर्वांत धोक्याची. २०२१ मध्ये ओहायोच्या बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात अशाच रात्री अख्खी बाटली पिण्याच्या प्रथेत एक विद्यार्थी गेला. ही जोडी दुपारी, घराबाहेर, सल्लागार असताना जाहीर करा. ‘गुप्त’ विधीची पूर्ण माहिती मुख्यालयाकडे असतेच. मुख्यालयाला सांगता येणार नाही असा काही भाग चॅप्टरमध्ये चालत असेल, तर तो विधी नव्हे.

हस्तांतर

निवडणूक नोव्हेंबरात आणि कार्यभार जानेवारीत, ही सोय चांगली आहे, कारण मधले चार-पाच आठवडे दोघंही कॅम्पसवर असतात. खजिनदाराची निवडणूक अध्यक्षाच्याही आधी घ्या. अध्यक्षपदाला हरलेला उमेदवार नंतर खजिनदार म्हणून उभा राहिला तर बहुधा मनापासून काम करत नाही.

नव्या माणसाला फाईल देऊन मोकळं होऊ नका. जुन्याने त्याच्यासमोर बँकेत जाऊन सह्या बदलाव्यात, करविवरणाची पोच दाखवावी, सगळे पासवर्ड व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या ईमेलवर आणावेत. शिस्त मंडळाच्या चालू प्रकरणांची यादी, कोणाची शिक्षा कोणत्या तारखेला संपते यासह, नव्या प्रमुखाला एकांतात वाचून दाखवावी आणि दोघांनी सही करावी. ज्यांचे निकाल लागले ती प्रकरणं बंद पाकिटात सल्लागाराकडे जातात, घरातल्या कपाटात नाही.